ओल्या पातळांचा श्रावण

परवा जिन्यात दुसऱ्या मजल्यावरची नवीन मुलगी भेटली. कडेवर बाळ, दुसऱ्या हातात ओल्या दुपट्यांची बादली. गच्चीवर वाळत घालायला निघाली होती, पण वर पोचेपर्यंत पुन्हा सर आली म्हणून तशीच परत फिरली होती. मला बघून म्हणाली, "काकू, तुमच्या कपड्यांना पावसातसुद्धा कुबट वास कसा येत नाही? आमचं सगळं घर ओलं झालंय. ड्रायर घेऊन टाकू का?"

असं कुणी विचारलं की माझी कळी खुलते. मी तिला बादली खाली ठेवायला लावली आणि सुरू झाले. "ड्रायर कशाला? मशीनमध्ये कपडे पिळून झाले की परत एकदा नुसते पिळून घ्यायचे. त्याला वीज लागते ती नावाला. मग कोरड्या जाड टॉवेलात गुंडाळून वळकटी करायची आणि वरून चांगलं दाबायचं, निम्मं पाणी टॉवेलच पितो. वाळत घालताना दाटी करायची नाही. दोन कपड्यांमधून हात फिरला पाहिजे. शर्ट हँगरवर, पँट उलटी करून. उघडीप मिळाली की समोरासमोरच्या खिडक्या उघडायच्या, वारा आरपार गेला पाहिजे. आणि इस्त्रीने कपडे वाळवायचे नाहीत. बिल फुगतं ते तिथेच."

ती मन लावून ऐकत होती. बाळ माझ्या मंगळसूत्राकडे हात करत होतं. "आणि चादरींचं काय करायचं, काकू?" तिने विचारलं. "त्या तर दोन दोन दिवस वाळत नाहीत."

"त्याला आमच्याकडे एक..." एवढं म्हणाले आणि थांबले. गॅसवर दूध आहे म्हणून घाईघाईने वर आले. दूध गॅसवर नव्हतंच.

चादरींचं उत्तर मला येतं. ते मी एकेकाळी फार हौसेने सगळ्यांना सांगत होते. आमच्या दारात उभी राहून, खणखणीत आवाजात. आणि आत हॉलमध्ये नाना ऐकत पडलेले असायचे.

नाना म्हणजे माझे सासरे. आता ते नाहीत. त्यांची सगळी नोकरी कल्याणजवळ मोहने गावच्या कारखान्यात झाली. तो बंद पडल्यावर ते आणि माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही आई म्हणायचो, डोंबिवलीला आमच्याकडे राहायला आले. नाना काटकसरी होते, पण कंजूष नव्हते. पाहुण्याला आग्रहाने श्रीखंड वाढणारा माणूस, पण रिकाम्या खोलीत दिवा दिसला की त्यांच्या पोटात दुखायचं. उठून बंद करायचे आणि परत येऊन बसायचे. "वारा फुकट आहे, वीज नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पेपर खिडकीशी बसून वाचायचा, दाढी सकाळच्या उजेडात करायची. मी नवीन असताना एकदा ओल्या ब्लाउजवर इस्त्री फिरवत होते, तर हसून म्हणाले होते, "शुभा, पाण्याची वाफ करायला चहाचं आधण ठेवतात. इस्त्री नव्हे." काटकसर मी त्यांच्याकडूनच शिकले, आणि शिकल्यावर त्यांच्याही पुढे गेले.

आई गेल्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात नानांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं सावकाश झालं, पण शब्द स्पष्ट आणि डोकं लख्ख. आतल्या खोलीत माझ्या शिकवण्या चालायच्या, म्हणून त्यांची कॉट हॉलमध्ये खिडकीला लागून घातली. खिडकीतून रस्ता दिसेल, माणसं दिसतील, करमेल, असा आमचा विचार. विचार चांगलाच होता. फक्त त्या कॉटच्या वर, छताला, आमच्या कपडे वाळत घालायच्या दांड्या होत्या. त्या दोरीने खाली घेता यायच्या, कपडे घालून पुन्हा वर ओढायच्या. गॅलरी आम्ही केव्हाच स्वयंपाकघरात घेतलेली. गच्ची आमच्या डोक्यावरच, एक जिना वर, पण पावसाळ्यात तिचा उपयोग काय? त्यामुळे घरातले सगळे ओले कपडे नानांच्या डोक्यावर.

आणि कपडे होतेच तेवढे. नानांना लघवीचा अंदाज यायचा नाही. भांडं हाताशी ठेवलेलं असे, पण डावा हात तिथे वेळेवर पोचायचा नाही. डायपर लावून पाहिले, तर कातडी सोसेना. लाल चट्टे उठले. डॉक्टर म्हणाले, रात्रीपुरतेच वापरा. मग दिवसभर मेणकापड, त्यावर चादर, आणि चादरीमागून चादर. जाड सोलापुरी चादर श्रावणात वाळत नाही. ती फक्त थंड होत जाते. वरून कोरडी लागते आणि घडी घालायला जावं तर शिवणीत ओल सापडते. घराला एक वास यायला लागला. त्यात दाराची लाकडं फुगलेली, मिठाच्या बरणीत पाणी सुटलेलं आणि रसायनांच्या कारखान्यांच्या बाजूने वारा आला की त्यात ती औषधी, उग्र झाक.

तेव्हा मला ती युक्ती सुचली. आईंची सुती पातळं पेटीत पडून होती. धुऊन धुऊन मऊ झालेली, नाकाला लावली तर अजून डांबरगोळी आणि त्याखाली आई. एक पातळ घ्यायचं, चार घड्या घालायच्या आणि मेणकापडावर अंथरायचं. पाणी चांगलं शोषतं, अंगाला मऊ लागतं आणि उलगडून दांडीवर टाकलं की दुपारपर्यंत कोरडं! पंखासुद्धा लागत नाही.

मिलिंदला, माझ्या नवऱ्याला, मी संध्याकाळी सांगितलं तेव्हा तो क्षणभर पातळांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आईला आवडलं असतं. वाया गेलं नाही म्हणून." मलाही तसंच वाटलं. आजही वाटतं. म्हणून तर हे सगळं इतकं अवघड आहे. त्या पावसाळ्यात आमच्या घरात कुणी कुणाला वाईट बोललं नाही.

पण बोलणं मात्र त्या एकाच गोष्टीचं. मिलिंद ठाण्याहून आला की चपला काढता काढता विचारायचा, "वाळलं का आज?" समोरच्या दारातल्या भोईर वहिनी इथल्याच, गावठाणातल्या. त्या विचारायच्या, "सुकलं का गो कपरं?" आणि मी दारात उभी राहून हिशेब द्यायची. सकाळी किती, दुपारी किती, कुठलं अजून दमट आहे. "पातळाची युक्ती केली म्हणून निभतंय हो वहिनी. नाहीतर रोजचा ढीग आणि इस्त्रीचं बिल!" वहिनी म्हणायच्या, "हुशार हायस गो बाय तू." मला ते ऐकायला आवडायचं. शिकवणीची मुलं यायची, ती लोंबणाऱ्या काठांखालून वाकून आत जायची. एखादा काठ डोक्याला लागला की खिदळायची. मी ओरडायची, "अरे, हात लावू नका, परत ओलं होईल!"

आणि या सगळ्याच्या मधोमध, ओल्या पातळांच्या खाली, उताणे नाना.

एकदा मी निळ्या काठांचं पातळ दांडीवर पसरत होते. नाना खालून बघत होते. म्हणाले, "हे हिचं टिटवाळ्याचं." आई संकष्टीला टिटवाळ्याला जायच्या, तेव्हा तेच नेसायच्या. मी म्हणाले, "हो ना? बघा, अजून किती छान राहिलंय. आणि वाळतंसुद्धा सगळ्यांत लवकर." मी दोरी ओढली, दांडी वर गेली आणि मी पुढच्या कामाला लागले.

श्रावण अर्धा सरला आणि पातळं कमी लागायला लागली. आधी मला खरंच वाटेना. सकाळचं अंथरलेलं दुपारी चाचपून बघितलं तर कोरडं. संध्याकाळपर्यंत एखादंच बदलायला लागायचं. मला वाटलं, नानांचा व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईंचा गुण आला. शरीराला सवय लागली. देवापुढे साखर ठेवली. आणि नानांना म्हणाले, "शाब्बास नाना! आज दांडी अर्धी रिकामी!" लहान मुलाला म्हणतात तसंच म्हणाले. ते हसले. अर्ध्या चेहऱ्याने हसायचे ते तेव्हा. उरलेला अर्धा तसाच राहायचा.

दांडीवर जागा झाली तशी मी आमचे जाड पडदे काढून धुतले. केवढा आनंद झाला होता मला त्या पडद्यांचा.

पाण्याचा तांब्या आणि फुलपात्र त्यांच्या डाव्या हाताशी, खिडकीच्या कट्ट्यावर असायचं. भरून ठेवलेला तांब्या मी दुपारी उचलायची तेव्हा रिकामा असायचा. म्हणजे पाणी व्यवस्थित जातंय, असं मी धरून चालले. ओठ सुकल्यासारखे दिसायचे, तर मी त्यांना तूप लावलं.

मग एका सकाळी नाना तापाने फणफणले. मी चहा घेऊन गेले तर माझ्याकडे बघून मला आईंच्या नावाने हाक मारली. "कारखान्याची वेळ झाली, डबा दे," म्हणाले. मिलिंद घरातच होता. भोईर भावजींनी आणि त्याने मिळून त्यांना उचलून खाली नेलं, रिक्षात घातलं. मागून मी पिशवीत कोरडे कपडे भरत होते, आणि पिशवी भरताना हेच मनात, की बरं झालं, सगळं वाळलेलं आहे.

डॉक्टर तरुण होत्या. तपासून म्हणाल्या, "लघवीचं इन्फेक्शन आहे आणि अंगातलं पाणी खूप कमी झालंय. दिवसभरात पाणी किती पितात?"

"भरपूर," मी म्हणाले. "तांब्या संपतो. मी स्वतः भरते."

त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. रागाने नाही. त्यांना तेवढा वेळही नव्हता.

सलाइन लागलं, औषधं लागली, आणि तिसऱ्या दिवशी नाना पुन्हा नाना झाले. खिडकीच्या काचेवर पाऊस वाहत होता. पांढरी, कडक, कोरडी चादर. ओली झाली की वॉर्डातली बाई यायची आणि चकार शब्द न बोलता बदलून जायची. नाना बराच वेळ वर बघत पडले होते. मग म्हणाले, "इथं छत दिसतं गं."

मला एकदम काही कळलं नाही. कळलं तेव्हा मी हातातली मोसंबी सोलत बसले. नको इतकी बारीक सोलली.

मिलिंदने विचारलं, "नाना, पाणी का नाही प्यायलात हो? तांब्या तर रिकामा व्हायचा."

"घोटभर प्यायचो की. बाकीचं खिडकीतून ओतायचो."

"खिडकीतून?"

"बाहेर पाऊसच होता. कुणाला कळणार."

त्यांच्या आवाजात थोडी मिश्किली होती. जमवलेल्या गोष्टीची. मग नानांनी डावा हात चादरीवरून फिरवला आणि अगदी सावकाश म्हणाले, "शुभाला किती ते रोज. आणि हिची पातळं आहेत रे ती. हिच्या पातळावर मी रोज... बरं नाही वाटत."

मोसंबीची साल कचऱ्यात टाकायला म्हणून मी बाहेर आले. मागोमाग मिलिंद आला. आम्ही दोघं पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभे राहिलो. तो म्हणाला, "तू कधी काही बोललीस का त्यांना? कपड्यांवरून?"

"नाही रे. शपथ. तू?"

"छे."

आम्ही दोघंही खरं बोलत होतो.

तेव्हापासून मी या गोष्टीकडे पुन्हा पुन्हा वळून बघते. चूक सापडली असती तर बरं झालं असतं. चुकीची माफी मागता येते. पण मी काय मागू? मी रोज धुतलं, वाळवलं, अंथरलं, तूप लावलं. नाक मुरडलं नाही, आदळआपट केली नाही. फक्त माझ्या हुशारीचं कौतुक करत राहिले, आणि ती हुशारी ज्या ओलीशी लढत होती ती ओल त्यांची होती, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी 'ढीग' म्हणायची. नानांना तो शब्द किती वेळा ऐकू आला असेल? मी 'शाब्बास' म्हणाले, तेव्हा तर त्यांना वाटलं असेल की आपण बरोबर करतोय. अजून थोडं कमी प्यायला हवं.

नाना घरी आले तोवर आम्ही दांड्या हॉलमधून काढून आतल्या खोलीत लावल्या होत्या. पातळं मी पेटीत टाकली. मिलिंदने ड्रायर घेतला. पहिल्याच दिवशी तो घरघरायला लागला तशी नानांनी मान वळवली. "काय आहे ते?"

"कपडे वाळवतंय, नाना. तासाभरात कोरडे."

"मीटर केवढा पळत असेल," ते म्हणाले आणि डोळे मिटून घेतले. ड्रायर थांबेपर्यंत त्यांनी ते उघडले नाहीत. त्यांना झोप लागली नव्हती, कळत होतं. आमचा फुकटचा वारा त्यांना लाजवत होता आणि विकतची वीज त्याहून जास्त. दोन दिवसांनी मी ड्रायर बंद केला आणि त्यांच्याजवळ जाऊन बसले. "नाना, पातळं परत काढू का? तुम्हाला नको असतील तर राहू देत. खरं सांगा."

त्यांनी खूप विचार केला. रस्त्यावर कुणीतरी भंगार मागत होतं, तो आवाज लांब जाईपर्यंत ऐकत राहिले. मग म्हणाले, "काढ. पेटीत राहून कसर लागेल."

हे त्यांनी माझ्यासाठी म्हटलं असेल का? असेलही.

पाणी मी आता त्यांच्यासमोर बसून द्यायची. एक फुलपात्र त्यांना, एक मला. ते माझ्या चेहऱ्याकडे बघत बघत प्यायचे. संपलं की फुलपात्र उपडं करून दाखवायचे. ते बघून मला भडभडून यायचं. आधी माझ्यासाठी प्यायचे नाहीत, आता माझ्यासाठी प्यायला लागले होते. त्यांना स्वतःला तहान लागू द्यायची सोयच मी ठेवली नव्हती.

वाळण्याबद्दल घरात बोलायचं नाही, असं मी आणि मिलिंदने ठरवून टाकलं होतं. भोईर वहिनींनी दारातून विचारलं की मी ओठांवर बोट ठेवायची. मिलिंद संध्याकाळी आला की चपला काढता काढता गप्पच. एवढ्या दिवसांत तिथे दुसरं काय बोलायचं ते आम्हाला माहीत नव्हतं. एक दिवस नानाच म्हणाले, "घर एवढं गप्प का? कुणी गेलंय का?"

गणपती गेले आणि भाद्रपदात एकदम ऊन पडलं. ओल्या भिंतींना वाफा सुटाव्यात असं कडक. मी सगळी पातळं धुऊन बादल्या भरल्या आणि गच्चीवर निघाले. नाना म्हणाले, "मलाही ने."

"वर?"

"एकच तर जिना आहे."

मिलिंदला रविवारची सुट्टी होती. त्याने आणि भोईर भावजींनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून नानांना वर नेलं. पायरीपायरीवर थांबत, "डावीकडे घे, डावीकडे," करत. वहिनी मागून उशी घेऊन आल्या. टाकीच्या सावलीत खुर्ची ठेवली, तर नाना म्हणाले, "सावली काय करायची? घरात आहे की." मग उन्हात ठेवली.

मी पातळं वाळत घातली. आख्खी, उलगडून, गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. वारा होता. निळ्या काठांचं, हिरवं चौकडीचं, एक फिकट गुलाबी. पहिल्यांदाच ती डोक्यावर किंवा आतल्या खोलीत नव्हती, नानांच्या समोर होती. ते एकेकाकडे बघत होते. "गुलाबी मी आणलं होतं, कल्याणहून," म्हणाले. "तिला आवडलं नव्हतं. तरी नेसली." आणि हसले. मग म्हणाले, "पाणी दे गं कुणीतरी."

मी वळले. पण वहिनी आधीच खाली धावल्या होत्या. त्या भरलेली बाटली घेऊन आल्या. नानांनी ती डाव्या हातात धरली आणि मान मागे टाकून प्यायले. माझ्याकडे न बघता. पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर ओघळत होतं.

आम्ही गप्पा मारत बसलो. भावजी गच्चीवरून त्यांची जुनी भातखाचरं कुठे होती ते दाखवत होते, तिथे आता टॉवर उभे होते. तेवढ्यात खुर्चीखाली बारीक धार लागली आणि फरशीवरून वाहत माझ्या पायापर्यंत आली. सगळ्यांना दिसली. भावजी बोलायचे थांबले. मिलिंद उठला आणि तसाच उभा राहिला. मी नानांच्या चेहऱ्याकडे बघायचं नाही असं ठरवलं, आणि बघितलं.

ते खाली फरशीकडे बघत होते. बराच वेळ. मग त्यांनी मान वर करून आभाळ पाहिलं, हातावर ऊन पडलं होतं ते पाहिलं आणि कारखान्यातल्यासारख्या कामाच्या आवाजात म्हणाले, "शुभा, ऊन आहे तोवर हा पायजमा धुऊन टाक. संध्याकाळपर्यंत वाळेल."

"सुकंल, सुकंल," वहिनी म्हणाल्या. "तासात सुकंल, नाना."

मिलिंदने हिरवं पातळ दोरीवरून ओढत खुर्चीपाशी आणलं, त्याचा आडोसा केला आणि खालून भावजींची एक लुंगी मागवून घेऊन आत गेला. पातळाच्या त्या बाजूला बाप-लेकांच्या सावल्या हलत होत्या आणि नाना त्याला सांगत होते, "अरे, आधी डावा पाय."

मला कुठे तोंड लपवावं कळेना. इतक्या सहज त्यांनी ते म्हटलं होतं, की माझ्यासाठी ते म्हणणं त्यांना किती अवघड गेलं असेल, याचा अंदाज मला आजही येत नाही. आडोशातून पायजमा बाहेर आला. गच्चीच्या नळाखाली मी तो भिजवला, साबण लावला आणि सगळ्यांसमोर, फरशीवर आवाज करत, आपटून आपटून धुतला.